स्थळ : पवई

‘मुलगा काय करतो?’ हा प्रश्न मुलुंडला किंवा बोरिवलीला विचारला तर उत्तर एका दमात मिळतं. बँकेत आहे. रेल्वेत आहे. सीए आहे. पवईत हाच प्रश्न विचारला की मुलाची आई मुलाच्या वडिलांकडे बघते, वडील पंख्याकडे बघतात आणि मग ‘म्हणजे कसंय ना...’ अशी सुरुवात होते. तोवर पोहे गार झालेले असतात.

यात त्या माउलीचा काही दोष नाही. मुलगा ‘ग्रोथ’मध्ये असतो. कसली ग्रोथ, ते त्यालाही तिमाही संपल्यावरच कळतं. दुसऱ्या एकाचा मुलगा ‘कस्टमर सक्सेस’ बघतो. तिसऱ्याचा ‘स्क्रम मास्टर’ आहे. हे ऐकून आमच्या सोसायटीतल्या एका आजोबांनी मोठ्या आपुलकीनं विचारलं होतं, ‘कुठल्या शाळेत?’ शाळेत नाही म्हटल्यावर त्यांनी समजुतीनं मान हलवली. मास्तर असून शाळेत नाही, म्हणजे शिकवण्या घेत असणार. होईल हळूहळू कायम.

मी चांदिवलीच्या बाजूला राहते. लग्नं जुळवणं हा काही माझा धंदा नाही. पण ओळखी दांडग्या आणि ‘बघते हं’ म्हणायची सवय, त्यामुळे परिसरातले बायोडेटा माझ्याकडे गोळा होतात. पूर्वी ते पाकिटातून यायचे. वर गणपती, खाली मामांचं आडनाव आणि मूळ गाव. आता व्हॉट्सअॅपवर पीडीएफ येते. गणपती आहे, मामा आहेत, रास-नाडी-गणसुद्धा आहे. बदललाय तो फक्त ‘नोकरी’चा रकाना. तिथं एक ओळ असायची, आता परिच्छेद असतो, आणि तो वाचून झाला तरी माणूस सकाळी उठून नक्की काय करतो हे कळत नाही.

पवईत एक उत्तर मात्र अजूनही छाती काढून देता येतं. ‘मुलगा आयआयटीत असतो.’ हे वाक्य पडलं की सोफ्यावर रेलून बसलेली माणसं ताठ होतात. ही संस्था १९५८ मध्ये सुरू झाली ती वरळीला, दुसऱ्याच्या इमारतीत. पवईच्या जागेवर पंडित नेहरूंनी कोनशिला बसवली १० मार्च १९५९ रोजी. यंत्रं आणि तज्ज्ञ युनेस्कोच्या मार्फत सोव्हिएत रशियातून आले. देशाला धरणं बांधायची होती, पोलाद गाळायचं होतं, त्यासाठी इंजिनियर हवे होते. आपण मराठी लग्नाच्या बाजारात एक नवा भाव उघडतोय, याची नेहरूंना बिचाऱ्यांना कल्पना असण्याचं कारण नाही.

पण ‘आयआयटीत असतो’ हे वाक्य फार लबाड आहे. आयआयटीत बी.टेक. करणारा असतो, पीएच.डी. संपता संपत नाही असाही असतो, प्रोजेक्टवर सहा-सहा महिन्यांच्या ऑर्डरीवर जगणारा असतो, ग्रंथालयात पुस्तकं लावणारा असतो आणि हॉस्टेलच्या मेसचा हिशोब बघणाराही असतो. अशाच एका स्थळाला मुलीकडचे लोक आयआयटीवाल्यांची पॅकेजं मोबाइलवर शोधून, आकडे पाठ करून आले होते. मुलगा तिथल्या कचेरीत लिपिक निघाला. मंडळी हिरमुसली. मुलीची आजी मात्र खुर्ची पुढे ओढून बसली.

‘नोकरी कायम आहे का, बाळ?’

‘हो, आजी.’

‘राहायला?’

‘कॅम्पसमध्ये क्वार्टर मिळालंय.’

पवईत, तलावाच्या काठी, गर्द झाडीत, डिपॉझिट न भरता घर. आजीनं तिथंच मनातल्या मनात अक्षता टाकल्या. ‘कॅम्पसात बिबट्या येतो म्हणे,’ अशी शंका मुलीच्या काकांनी काढून पाहिली. आजी म्हणाली, ‘येऊ दे. ब्रोकर तर येत नाही ना?’

त्याहून गंमत पलीकडे, विहार तलावाच्या अंगाला. तिथं १९६३ पासून एक राष्ट्रीय संस्था आहे, तिला सगळे ‘नीटी’ म्हणायचे. कंपन्यांमध्ये तिचा मोठा दबदबा. लग्नाच्या बाजारात मात्र ‘नीटी म्हणजे नीट परीक्षेचा क्लास का हो?’ इथपासून सुरुवात करावी लागे. २०२३ मध्ये संसदेनं कायदा दुरुस्त केला आणि नीटीचं आयआयएम मुंबई झालं. डोंगर तोच, वर्ग तेच, पण माझ्याकडे पूर्वी येऊन पडलेल्या एका बायोडेटाची सुधारित आवृत्ती लगेच हजर झाली. मुलगा कधीच शिकून बाहेर पडला होता, नोकरी तीच होती, केस थोडे कमी झाले होते. तरी फोन वाढले. लोकसभा आणि राज्यसभा मिळून एखाद्याचं स्थळ सुधारतात तेव्हा सासऱ्यानं काय तोंडानं नाही म्हणायचं?

स्थळांचे भाव असे वर-खाली होणं काही नवं नाही. राम गणेश गडकऱ्यांनी ‘बाळकराम’ होऊन ठकीच्या लग्नाची खटपट रंगवली, त्यालाही शंभरावर वर्षं झाली. नवऱ्याच्या उद्योगाचा प्रश्न तर त्याच्याही आधी मुंबई हायकोर्टात जाऊन आला होता. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी मोठेपणी नांदायला जायला नकार दिला. नवऱ्याची परिस्थिती, प्रकृती आणि रिकामपण, सगळंच त्यांना नापसंत होतं. १८८७ मध्ये कोर्टानं सांगितलं, नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद. त्या म्हणाल्या, कैद चालेल. पुढच्या वर्षी नवऱ्यानं दोन हजार रुपये घेऊन दावा सोडला आणि रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या. आता मुली ‘वेव्हलेंग्थ जुळत नाही’ असा मेसेज टाकतात. त्या मानानं सोपं झालंय.

कोकणात पुढे दोन-तीन पिढ्या ‘मुंबईला असतो’ एवढं एकच वाक्य पुरलं. गिरणीत कुठल्या खात्यात, पगार किती, पाळी कुठली, हे कोण विचारतो? एका खोलीत दहा-पंधरा जणांच्या वळकट्या, जेवण खानावळीत आणि लग्नाची बायको गावी सासूच्या हाताखाली. तिला नवरा मिळायचा शिमग्याला आणि गणपतीला. एरवी मिळायची ती मनिऑर्डर. म्हणजे तो नवरा हवाहवासा होता तो मुख्यतः त्याच्या गैरहजेरीत. मग १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यातले पुष्कळ परत आत गेलेच नाहीत. मनिऑर्डरी आटल्या. ‘गिरणीतला मुलगा’ हे स्थळ एका मोसमात बाद झालं.

आमच्या या पट्ट्यात गिरणीचं कौतुक तसं कमीच होतं. इकडे ‘कंपनी’. १९४८ मध्ये एल अँड टीनं पवईत ५५ एकर दलदल आणि जंगल घेतलं. विक्रोळीला गोदरेज, कांजूरला क्रॉम्प्टन, भांडुपला सिएट. ‘कंपनीत परमनंट’ हे दोन शब्द एकत्र आले की मुलाचं नाक, उंची, स्वभाव, काही बघायची गरज नसे. आयटीआय केलेला फिटर असो की टर्नर, टूलरूममधला असला तर दुधात साखर. सकाळी नाक्यावर कंपनीची बस, दुपारी कॅन्टीनचं ताट, दिवाळीला बोनस आणि हात धुवायला मिळालेला साबण वाचवून घरी. माझ्या एका मावशीनं तर मुलगा बघायला गेल्यावर त्याच्याकडून पाण्याचा पेला घेताना तळहात बघून घेतले होते. घट्टे होते. घरी येऊन म्हणाली, ‘खरंच मशीनवर आहे हो, थापा मारत नाहीये.’ आज कोणाचे तळहात बघणार? सगळ्यांचे लोण्यासारखे. लॅपटॉपवाल्यांना घट्टे पडत असतील तर ते कोपराला.

मग बँकेचा जमाना आला. १९ जुलै १९६९ ला चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि बँकेतला जावई म्हणजे सरकारचाच जावई झाला. खुर्ची, पंखा, वेळेवर सुटणं आणि घरासाठी कमी व्याजानं कर्ज. त्यानंतर अमेरिका. तीन आठवड्यांची रजा काढून यायचं, रोज दोन मुली बघायच्या, त्यातली एक पसंत करायची आणि व्हिसाच्या रांगेत उभी करून परत जायचं. त्या काळात मी काही मुलांचे चेहरे पाहिलेत. जेटलॅगमुळे त्यांना पसंत पडलेली कोण आणि होकार दिला ती कोण, याची शेवटपर्यंत खात्री नव्हती.

ही रांग नीट बघितली तर कळतं की त्या त्या व्यवसायावर कोणी भाळलेलं नव्हतंच. साचा चालवणाऱ्याच्या साच्यावर कुठली मुलगी फिदा होते? आईच्या आयुष्यात जे नव्हतं, ते लेकीला मिळावं, एवढाच हिशेब. गिरणीवाल्यानं नुसत्या भाताच्या घरात रोख पैसा आणला. कंपनीवाल्यानं उद्याची खात्री आणली. बँकवाल्यानं खुर्ची आणली. अमेरिकावाल्यानं तर सासू आणि सून यांच्यामध्ये अख्खे दोन महासागर आणले. याहून आकर्षक नवरा त्याआधी कधी झाला नव्हता.

डेव्हिड बस नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९८९ मध्ये ३७ संस्कृतींतल्या लोकांना जोडीदाराबद्दल विचारून निष्कर्ष काढला की जोडीदाराच्या कमाईला बायका पुरुषांपेक्षा जास्त महत्त्व देतात. मी हे आमच्या मजल्यावरच्या काकूंना सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘एवढ्यासाठी ३७ ठिकाणी कशाला हिंडला? भांडुपला यायचं.’

आता आजच्या पवईचं म्हणाल, तर इथला सगळ्यात झगमगीत प्राणी म्हणजे फाउंडर. आयआयटीतून बाहेर पडलेल्या दोघांनी २०१० मध्ये ओला काढली, २०१२ मध्ये तिथल्याच पोरांनी हाउसिंग डॉट कॉम काढलं, आणि तेव्हापासून हिरानंदानीतल्या कुठल्याही कॉफीच्या दुकानात बसलं तर शेजारच्या टेबलावर एखादी कंपनी जन्माला येत असते. हाफीज कॉन्ट्रॅक्टर यांनी उभे केलेले ते भलेमोठे ग्रीक खांब, ‘टॉरिनो’, ‘इव्हिटा’ असली इमारतींची नावं, आणि खाली हाफ पँटमध्ये फिरणारा पोरगा. तो कुत्रा फिरवायला ठेवलेला मुलगा आहे की दोनशे माणसांचा मालक, हे कपड्यांवरून ओळखता येत नाही. मी हल्ली सगळ्यांशीच अदबीनं बोलते.

असं एक फाउंडरचं स्थळ मी स्वतः एका घरी घेऊन गेले होते. मुलीचे वडील राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त; आयुष्यभर कर्जाचे अर्ज नाकारून नजर तयार झालेली.

‘पगार किती?’ काकांनी आडवळण न घेता विचारलं.

‘सध्या मी पगार घेत नाही.’

‘का? मालक कोण आहे?’

‘मीच.’

‘बरं. मग नफा?’

‘नफा सध्या आमचा फोकस नाहीये, काका.’

काकांनी चष्मा काढून पुसला. ‘मग चालतं कशावर?’

‘रनवे आहे ना. चौदा महिन्यांचा.’

‘अय्या, पायलट आहात!’ काकूंचा चेहरा पहिल्यांदाच उजळला.

मग त्या मुलानं फार नम्रपणे समजावलं की गुंतवणूकदारांचे पैसे संपायला जितके महिने उरलेत त्याला रनवे म्हणतात. काकूंनी पुढे केलेली बर्फीची ताटली तशीच हातात राहिली. मुलाचं चालू होतं: आपल्याकडे कंपनीचे इतके टक्के आहेत, पुढच्या फेरीत कंपनीची किंमत अमुक कोटी धरली तर आपला वाटा तमुक कोटी होतो. ‘आणि कोणी धरलीच नाही तर?’ काकांनी विचारलं. त्यावर मुलगा जे हसला ते मला मनापासून आवडलं. पण मी सासरा नव्हते.

पवईचा तलाव १८९१ मध्ये बांधला तो मुंबईला पिण्याचं पाणी पुरवायला. पाणी पिण्यालायक निघालं नाही. म्हणून काही अडलं का? आज त्याच तलावाकडे तोंड असलेल्या फ्लॅटला लोक जास्त पैसे मोजतात. फाउंडरचं तसंच आहे. घोटभर पाणी मिळत नाही, व्ह्यू मात्र अप्रतिम. मगरी आहेत त्या निराळ्या.

काकूंचा पायलटवरचा जीव मात्र अगदीच गैरलागू नव्हता. २०१६ मध्ये टिंडर या डेटिंग अॅपनं अमेरिकेतली आकडेवारी काढून जाहीर केलं होतं की तिथल्या बायका कोणत्या व्यवसायातल्या पुरुषांना जास्त पसंत करतात. पहिला नंबर वैमानिकाचा, दुसरा फाउंडरचा, तिसरा अग्निशामक दलातल्या जवानाचा. पुरुषांनी बायकांमध्ये पहिली निवडली ती फिजिओथेरपिस्ट. यात प्रेम किती आणि पाठदुखी किती, हे ज्याचं त्यानं ठरवावं. मला कौतुक वाटलं ते अग्निशामकवाल्याचं. आपल्याकडे पंचविसाव्या मजल्यावर राहणारी माणसं रोज त्याच्या भरवशावर झोपतात, आणि त्याचं स्थळ आलं तर ‘जोखमीची नोकरी हो’ म्हणून बायोडेटा परत करतात.

सॉफ्टवेअरवाल्यांची तर पुरती दैना झाली आहे. पंधरा-वीस वर्षं ज्याच्या गळ्यात निळ्या फितीचं ओळखपत्र त्याच्याच गळ्यात माळ, अशी स्थिती होती. मग सप्टेंबर २०२२ मध्ये इंग्रजी वर्तमानपत्रातली एक वधूपक्षाची जाहिरात मोबाइलवरून देशभर फिरली. हवा होता आयएएस, आयपीएस, पदव्युत्तर डॉक्टर किंवा उद्योगपती. आणि खाली स्वच्छ शब्दांत विनंती, सॉफ्टवेअर इंजिनियरांनी कृपया फोन करू नये. पवईत त्या दिवशी जी शांतता पसरली ती मी लॉकडाउनमध्येही अनुभवली नव्हती. पाठोपाठ कंपन्यांनी माणसं कमी करायला सुरुवात केली आणि मुलींचे वडील पॅकेज विचारायच्या आधी ‘बेंचवर नाही ना?’ विचारायला लागले.

पण इंजिनियरांनी फार रडू नये. त्याच वर्षी, २१ डिसेंबरला, सोलापुरात लग्नाळू तरुणांनी फेटे बांधून, मुंडावळ्या लावून, घोड्यांवर बसून थेट कलेक्टर कचेरीवर मोर्चा नेला. म्हणणं एकच, आम्हाला मुली मिळत नाहीत. लोक हसले. त्यांच्या निवेदनात गर्भलिंगनिदानविरोधी कायदा कडक राबवा अशीही मागणी होती, तिथं मात्र हसू थांबायला हवं होतं. ज्या मुली जन्माला येऊच दिल्या नाहीत त्या बोहल्यावर कुठून चढणार? आणि ज्या आहेत त्यांच्या घरची अट गावोगाव एकच: नोकरी पाहिजे, शेती पण पाहिजे, फक्त शेतकरी नको. २०२४ मध्ये ‘नवरदेव बीएस्सी अॅग्री’ नावाचा मराठी चित्रपटच या दुखण्यावर आला.

पवईत हे दुखणं फार मनोरंजक रूपात दिसतं. इथं शेतीचं प्रेम उतू जातं. पालकाची जुडी ‘ऑरगॅनिक’ म्हणून भलत्या भावानं घेतात, शनिवार-रविवार मुरबाडला नाहीतर कर्जतला ‘फार्म स्टे’ला जातात, पोरी गुडघाभर चिखलात भातलावणीचे फोटो काढून प्रोफाइलला लावतात. तो फोटो पाहून एका खऱ्याखुऱ्या भातवाल्या मुलाच्या आईनं माझ्याकरवी विचारणा केली होती. मुलीकडून उत्तर आलं, ‘आँटी, ते फक्त वीकेंडला.’

आतापर्यंत सगळं मुलग्यांचंच चाललंय, कारण बायोडेटांमध्येही तसंच असतं. मुलीच्या नोकरीकडे बघायची पद्धतच वेगळी. मुलाची नोकरी किती आणते यावर मोजायची, मुलीची नोकरी तिला घरी किती वाजता आणते यावर. म्हणून शिक्षिका नेहमी पहिल्या पसंतीची: दुपारी घरी, मे महिन्यात घरी, दिवाळीत घरी, आणि मुलांचा अभ्यास फुकट. बँकवाली चालते, पण ‘शाखा जवळची आहे ना?’ डॉक्टर असली तर अभिमान वाटतो, पण लगेच ‘नाइट असते का हो?’ या सगळ्याला एक लाडकं वाक्य आहे: घर सांभाळून करणारी. मुलाच्या बायोडेटात हे वाक्य मी आजवर पाहिलेलं नाही. मर्चंट नेव्हीत आहे, घर सांभाळून. एकदा कोणीतरी लिहायला हवं.

आणि इथंच पवईत चक्र उलटं फिरायला लागलंय. माझी भाची हिरानंदानीतल्या एका ऑफिसात प्रॉडक्ट मॅनेजर आहे. म्हणजे काय, हे तिनं मला अनेकदा सांगितलंय आणि मी दर वेळी ‘अच्छा’ म्हटलंय. वय एकतीस, पगार तिच्या बाबांच्या निवृत्तीच्या वेळच्या पगारापेक्षा कितीतरी जास्त, चांदिवलीत स्वतःच्या नावावर वन बीएचके. पॅकेजचा आकडा ऐकून तिचा चेहरा जराही हलत नाही. ‘मावशी, पैसे मी आणते. घरी कोण असणार ते सांग.’

सासवा पिढ्यान्‌पिढ्या मुलींना लावत आल्या तीच मोजपट्टी तिनं मुलग्यांना लावली. कन्सल्टंट आला: सोमवार ते गुरुवार दुसऱ्या शहरात. बाद. सर्जन आला: एका भेटीत दोनदा फोन घ्यायला उठला आणि दुसऱ्यांदा उठला तो परत आलाच नाही, बिल हिनं भरलं. मर्चंट नेव्हीवाला सहा महिने बोटीवर आणि सहा महिने घरी. यावर मात्र ती बराच वेळ विचारात पडली होती. अंधेरीला ऑफिस असलेला एक बरा होता, पण जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडनं येणार. साडेदहा किलोमीटरचा रस्ता, त्यावर मेट्रो सहाचं काम. संध्याकाळी सीप्झहून निघालेला नवरा आयआयटीच्या गेटपर्यंत येईतो चिडचिडा होऊनच उतरणार. ‘त्याच्यात काही वाईट नाही, मावशी. पण त्याच्यातला चांगला भाग तर रस्त्यातच संपतो.’

शेवटी एक पसंत पडला. महापालिकेच्या जलखात्यात कनिष्ठ अभियंता, नेमणूक भांडुपच्या जलशुद्धीकरण केंद्रात, सहाला घरी. चहा स्वतः करतो, सुरमई स्वतः तळतो, आणि शनिवारी फोन बंद ठेवता येतो असं म्हणाला. माझी बहीण हरखली, कारण सरकारी नोकरी. भाची हरखली, कारण सहाला घरी. एकाच मुलावर आई आणि लेक दोघी खूश, आणि दोघींची कारणं एकमेकींना ठाऊक नाहीत; मी तीस-चाळीस लग्नं पाहिली असतील, यापेक्षा पक्का पाया दुसरा नसतो.

बैठक माझ्याच घरी झाली. सगळं सुरळीत चाललं होतं. मग मुलाच्या आईनं विचारलं, ‘मुलगी घरी किती वाजता येते?’

‘साडेआठ-नऊ होतात,’ बहीण म्हणाली.

‘मग जेवणाचं?’

‘ते असतात ना सहाला घरी,’ भाची सहज म्हणाली. इतकी सहज, की मुलगाही मान डोलावून गेला आणि मग आईकडे बघून त्यानं ती मान मध्येच थांबवली.

मुलाच्या आईनं चहाचा कप खाली ठेवला. ‘शाळेत वगैरे नाही का मिळणार हिला? एवढी शिकलेली आहे.’

‘मिळेल की,’ भाची म्हणाली, ‘पण मग वन बीएचकेचा हप्ता ह्यांच्या पगारातून जाईल. चालेल?’

मंडळी ‘विचार करून कळवतो’ म्हणून उठली. महाराष्ट्रात याचा अर्थ काय होतो ते तुम्हाला सांगायला नको. मुलानं मात्र जाताना दारात चपला घालायला कारण नसताना फार वेळ लावला, आणि त्यानंतर भाचीचा फोन संध्याकाळी सहा ते साडेआठ सतत एंगेज लागतो. त्या प्रकरणात मी सध्या लक्ष घालत नाही.

पण ते नाहीच जमलं तर हाताशी दुसरं असावं. म्हणून वाचकांपैकी कोणाच्या पाहण्यात असा मुलगा असेल तर जरूर कळवा. संध्याकाळी साडेसहाला घरी असणारा, कुकर लावता येणारा, लिंक रोडनं ये-जा नसणारा. व्यवसाय कुठलाही चालेल. शिक्षक, लिपिक, अग्निशामक, शेतकरीसुद्धा, फक्त शेत मेट्रोच्या टप्प्यात हवं. पत्रिका नको, पॅकेज सांगू नये. फाउंडर असल्यासही हरकत नाही. रनवे संपला की फोन करावा.